फोनवरचं टीव्हीवर: मिररिंग की कास्टिंग?

फोनवरचं मराठी नाटक टीव्हीवर लावलंय, सगळे रंगलेत, आणि तेवढ्यात बँकेचा ओटीपी भल्यामोठ्या अक्षरांत पडद्यावर! शेजारच्या घरी मात्र फोन खिशात, त्याचा पडदा बंद, आणि नाटक सुरूच. टीव्ही दोन्हीकडे सारखाच. मग असं का?

कारण वायरशिवाय जोडण्याच्या दोन अगदी वेगळ्या पद्धती आहेत.

पहिली मिररिंग, म्हणजे आरसा. फोन आपला पडदा सतत टिपत राहतो, ते चित्र दाबून लहान करतो आणि वाय-फायवरून टीव्हीकडे सोडतो. टीव्ही ते उलगडून दाखवतो. यात थोडा वेळ जातो, म्हणून बोट फिरवल्यावर टीव्हीवर ते किंचित उशिरा दिसतं. बॅटरीही बरीच खर्च होते. अँड्रॉइड फोनमध्ये यासाठी बहुधा मिराकास्ट असतं. वाय-फाय अलायन्सनं ते २०१२ मध्ये आणलं. त्याची खरी गंमत अशी, की फोन आणि टीव्ही थेट एकमेकांशी बोलतात. दोन्हीकडचं वाय-फाय चालू हवं, पण राउटर नको, इंटरनेटही नको. गावाकडच्या घरी नेट नसलं तरी फोनमध्ये साठवलेला लग्नाचा व्हिडिओ आजीला मोठ्या पडद्यावर दाखवता येतो, एक एमबीसुद्धा न खर्चता.

दुसरी कास्टिंग. गूगलचं क्रोमकास्ट २०१३ मध्ये आलं, त्यातली ही पद्धत. यूट्यूबवरचा व्हिडिओ कास्ट केला की फोन चित्र पाठवतच नाही. तो टीव्हीला फक्त सांगतो, "हा व्हिडिओ लाव." टीव्ही तो स्वतः इंटरनेटवरून आणतो आणि फोन उरतो रिमोटपुरता. त्यासाठी दोघं एकाच वाय-फायवर हवेत. यादीत टीव्ही दिसत नसेल तर आधी हेच तपासा. टीव्ही फोनच्याच हॉटस्पॉटवर असेल तर डेटा अर्थातच फोनचा जाणार.

नावांनी मात्र घोळ घातलाय. सॅमसंगमध्ये मिररिंगला 'स्मार्ट व्ह्यू' म्हणतात, काही फोनमध्ये त्यालाच 'कास्ट' असं नाव. साधी खूण सांगतो: यूट्यूबसारख्या ॲपच्या आतलं बटण बहुतेक वेळा कास्टिंगचं, आणि वरून खाली ओढलेल्या पट्टीतलं मिररिंगचं. आयफोनवाल्यांकडे मिराकास्ट नसतं. त्यांचं एअरप्ले दोन्ही कामं करतं, पण टीव्हीला ते चालायला हवं.

मिररिंग करताना आवाज येतो आणि चित्र काळं, असं झालं तर टीव्हीवाल्याला बोलावू नका. काही ॲप नक्कल होऊ नये म्हणून मुद्दाम चित्र अडवतात.

आणि तो ओटीपी? मिररिंग करण्याआधी 'डू नॉट डिस्टर्ब' लावा. बँकेचं ॲप उघडायचं असेल तर आधी मिररिंग बंद करा.