शेकडा एक म्हणजे किती?

"मला बाई गणितातलं काही कळत नाही," असं आपण किती सहज बोलून जातो! खरं तर दुधाचे खाडे वजा करून महिन्याचं बिल काढणारी, ऐनवेळी आलेल्या पाहुण्यांसाठी तांदळाचं माप वाढवणारी बाई रोज गणितच करत असते. जुन्या पिढीतली मुलं तर पावकी, निमकी, दिडकी, अडीचकी घोकायची. अडतं ते टक्क्यांपाशी. आणि नेमके तिथेच पैसे जातात.

मैत्रिणींनो, टक्का म्हणजे शंभरातला वाटा. साडी ८५० रुपयांची आणि सूट १५ टक्के. मग आधी दहा टक्के काढा, ८५ रुपये. त्याचे निम्मे म्हणजे पाच टक्के, साडेबेचाळीस. झाली सूट १२७ रुपये ५० पैसे. "२० टक्क्यांवर आणखी २० टक्के" अशी पाटी दिसली, तर ती ४० टक्के सूट नव्हे बरं का! हजाराचे आधी ८०० होतात, मग आठशेवर २० टक्के, म्हणजे ६४०. सूट ३६ टक्केच.

साडीत चाळीस रुपयांचा फरक पडतो, कर्जात मात्र शेकड्यांचा. आमच्या बचत गटातल्या एका सखीला पिको-फॉलच्या मशीनसाठी १२ हजार हवे होते. गटाचं व्याज महिना शेकडा एक, म्हणजे वर्षाला १२ टक्के. बाहेरचा एक कर्जवाला म्हणाला, "ताई, आमचंही बाराच टक्के, आणि पैसे उद्याच हातात." दर सारखाच, मग गटाच्या बैठकीपर्यंत थांबायचं कशाला? तिचा प्रश्न बरोबर होता. आम्ही दोघी कागद-पेन्सिल घेऊन बसलो.

त्याचा हिशेब असा : १२ हजारांवर वर्षाचं व्याज १,४४०. एकूण १३,४४०, महिन्याचा हप्ता १,१२०. गटात दरमहा हजार रुपये मुद्दल फेडायचं आणि व्याज फक्त उरलेल्या रकमेवर. पहिल्या महिन्यात १२०, दुसऱ्यात ११०, मग १००, असं उतरत शेवटच्या महिन्यात १० रुपये. बेरीज ७८०! फरक तब्बल ६६० रुपयांचा.

असं का? कर्जवाला फेडलेल्या पैशांवरही वर्षभर व्याज लावत होता. याला फ्लॅट रेट म्हणतात. उरलेल्या रकमेवर आकारणी धरली, तर त्याचा दर जवळजवळ साडेएकवीस टक्के पडतो. सखीने आठ दिवस थांबून गटातूनच कर्ज घेतलं.

म्हणून "किती टक्के?" एवढंच विचारून थांबू नका. टक्के महिन्याचे की वर्षाचे? व्याज पूर्ण रकमेवर की उरलेल्या? सगळे हप्ते मिळून किती भरायचे? फी, विमा धरून हातात किती पडणार? रिझर्व्ह बँकेच्या नियमांप्रमाणे सूक्ष्म कर्ज देणाऱ्या बँकांनी आणि वित्त संस्थांनी आपल्याला समजेल अशा भाषेत माहितीपत्रक द्यायचं असतं. त्यात सगळे खर्च धरून वर्षाचा दर लिहिलेला असतो. तो कागद मागून घ्या, घरी आणून बेरीज करा आणि मगच सही करा. हिशेब करायला लागतो तो एक कागद आणि दहा मिनिटं. "ह्यांना विचारून सांगते" म्हणण्याआधी तेवढी आपली आपण काढूया की!