जालन्याचा निजाम नक्की कोणता?

2023 मध्ये अंबड तालुक्यातल्या अंतरवाली सराटीचं मराठा आरक्षणासाठीचं उपोषण राज्यभर गाजलं आणि 'निजामकालीन नोंदी' हे शब्द जालना जिल्ह्यातल्या पारापारावर पोचले. दप्तरखान्यातली जुनी बाडं निघाली, मोडी आणि उर्दू वाचणाऱ्यांची शोधाशोध झाली. पण ज्या राजवटीच्या या नोंदी, तिच्याबद्दल मात्र ऐकीव गोष्टीच जास्त चालतात.

सगळ्यात मोठा घोळ दोन घराण्यांचा. जिजाऊंचे वडील लखुजी जाधवराव यांची 1629 मध्ये देवगिरीच्या किल्ल्यावर भर दरबारात हत्या झाली. त्यांचं सिंदखेडराजा जालन्याला अगदी लागून असल्यामुळे ही कथा इथे घरोघरी माहीत असते आणि ती सांगताना 'निजामाने दगा दिला' असं म्हटलं जातं. ऐकणाऱ्याच्या डोळ्यांपुढे येतो तो हैदराबादचा निजाम. प्रत्यक्षात तो दरबार अहमदनगरच्या निजामशाहीचा होता. ती 1490 मध्ये सुरू झाली, 1636 मध्ये बुडाली. या घराण्याचं मूळ पाथरीच्या ब्राह्मण कुळात असल्याचं इतिहासकार फरिश्ता लिहितो, म्हणजे जालन्याच्या शेजारचंच. हैदराबादचे आसफजाही निजाम यांचे कोणीच लागत नाहीत. त्यांचे पूर्वज समरकंद-बुखाऱ्याकडून मोगलांच्या चाकरीत आले. पहिल्या निजामाने, म्हणजे आसफजाहने, 1724 मध्ये साखरखेर्ड्याची लढाई जिंकून दख्खनमध्ये पाय रोवले. दोन राजवटींमध्ये तब्बल 88 वर्षांचं अंतर आहे.

दुसरी समजूत अशी, की 1724 नंतर जालना सलग सव्वादोनशे वर्षं निजामाच्याच मुठीत होतं. जालन्याचा किल्ला 1725 मध्ये आसफजाहच्या हुकमाने काबिल खानाने बांधला, हे बरोबर. पण पुढे हा मुलूख मराठ्यांकडे आला. 1803 मध्ये इंग्रजांचा कर्नल स्टीव्हन्सन जालन्याचा किल्ला घ्यायला आला, तेव्हा तो दौलतराव शिंद्यांच्या ताब्यात होता. 2 सप्टेंबरला किल्ला पडला आणि 23 सप्टेंबरला याच जिल्ह्यातल्या असई गावाजवळ इंग्रज सेनापती वेलस्लीने शिंदे आणि नागपूरकर भोसल्यांच्या फौजेचा पराभव केला. निजाम त्या युद्धात इंग्रजांच्या बाजूला होता. त्याच वर्षीच्या डिसेंबरमध्ये सुर्जी-अंजनगावच्या तहात अजिंठ्याच्या डोंगराच्या दक्षिणेकडचा मुलूख शिंद्यांनी सोडला. त्यात जालन्याचं नाव स्पष्ट आहे. 1804 मध्ये ईस्ट इंडिया कंपनीने हा प्रदेश निजामाला देऊन टाकला. म्हणजे जालना निजामाला परत मिळालं ते स्वतःच्या तलवारीच्या जोरावर नाही, तर इंग्रजांशी केलेल्या दोस्तीमुळे.

15 ऑगस्ट 1947 ला जालन्यात तिरंगा सरकारी इमारतींवर चढला नाही, हे मराठवाड्यात तरी नव्याने सांगावं लागत नाही. स्वामी रामानंद तीर्थांच्या नेतृत्वाखाली हैदराबाद मुक्तीचा लढा चालूच होता. 13 सप्टेंबर 1948 ला भारतीय फौजा संस्थानात शिरल्या, 15 तारखेपर्यंत जालना त्यांच्या ताब्यात आलं आणि 17 तारखेला निजामाने हार मानली. रझाकार म्हणजे निजामाचं सैन्य, असं अनेकजण धरून चालतात. ती होती कासिम रझवीच्या इत्तेहाद संघटनेची सशस्त्र टोळी. संस्थानची फौज वेगळी होती आणि तिचा सेनापती होता जनरल एल इद्रूस. अर्थात, रझाकारांना वेळीच न आवरण्याची जबाबदारी निजामाला टाळता येणार नाही.

मग 17 सप्टेंबरला गादीही गेली का? इथेच बहुतेकांचा अंदाज चुकतो. त्याच सुमारास रुमानियात राजा मिहाई याला 30 डिसेंबर 1947 रोजी कम्युनिस्टांनी सक्तीने पदत्याग करायला लावला आणि लगोलग देशाबाहेर घालवलं. हैदराबादेत मात्र सातवा निजाम मीर उस्मान अली खान आपल्या महालातच राहिला. सत्ता लष्करी प्रशासनाकडे गेली, जहागिरी 1949 मध्ये रद्द झाल्या, पण निजामाची पदवी राहिली आणि वर्षाला 50 लाखांचा तनखा ठरला. 26 जानेवारी 1950 पासून तो भारतीय राज्यघटनेखाली हैदराबाद राज्याचा राजप्रमुख होता, तोही 31 ऑक्टोबर 1956 पर्यंत. नाणंसुद्धा एका रात्रीत बदललं नाही. मुक्तीनंतरही बाजारात काही वर्षं संस्थानचा हाली सिक्का चालत राहिला, सात हाली रुपयांना सहा कलदार, म्हणजे भारतीय रुपये, या हिशेबाने. त्या रुपयावर चारमिनार आहे. त्याच्या कमानीत नीट पाहिलं तर एक छोटं अक्षर दिसतं, ऐन, म्हणजे उस्मानचं आद्याक्षर.

निजामाच्या सोन्याची गोष्टही अशीच फुगलेली. 1965 च्या युद्धाच्या वेळी त्याने देशाला 5000 किलो सोनं दान केलं, असा मजकूर दरवर्षी मोबाइलवर फिरतो. माहिती अधिकारात विचारल्यावर पंतप्रधान कार्यालयाने अशा दानाची नोंद आपल्याकडे नसल्याचं सांगितलं. निजामाने 425 किलो सोनं राष्ट्रीय संरक्षण सुवर्ण रोख्यांत गुंतवलं होतं, साडेसहा टक्के व्याजाने. अडचणीच्या काळात सरकारला त्याचा उपयोग झालाच, तेव्हा त्याचं मोल कमी करायचं कारण नाही. पण ती गुंतवणूक होती, दान नव्हे.

24 फेब्रुवारी 1967 ला उस्मान अली वारला. वारसा थोरला मुलगा आझम जाह याला डावलून नातू मुकर्रम जाहकडे गेला. मुकर्रमची आई दुर्रुशेहवार ही शेवटचा उस्मानी (ऑटोमन) खलिफा अब्दुलमजीद याची मुलगी. या खलिफासाठी खुलताबादेत मकबराही बांधला गेला होता, पण 1944 मध्ये पॅरिसला मेलेल्या खलिफाला अखेर मदिनेत पुरलं आणि तो मकबरा रिकामाच राहिला. मुकर्रमने पुढे ऑस्ट्रेलियात मेंढ्यांचा मोठा फार्म घेतला. 1971 च्या 26 व्या घटनादुरुस्तीने देशातल्या सगळ्या माजी संस्थानिकांच्या पदव्या आणि तनखे संपवले. जानेवारी 2023 मध्ये मुकर्रम जाहचं इस्तंबूलमध्ये निधन झालं, तेव्हा कायद्याच्या दृष्टीने आसफजाही निजामाचं पद जाऊन अर्धशतक उलटलं होतं.