निळी भली, पिवळी नडली!

ब्रिटनमध्ये बिऱ्हाड थाटलं की पहिल्याच हिवाळ्यात मराठी घराला एक नवं दैवत मिळतं: बॉयलर. २०२१च्या जनगणनेनुसार इंग्लंड-वेल्समधली जवळजवळ तीन चतुर्थांश घरं निव्वळ पाइपच्या गॅसवर गरम होतात. कुठे भिंतीवर बॉयलर आणि खोल्याखोल्यांत रेडिएटर, तर कुठे दिवाणखान्यात गॅसची शेगडी, म्हणजे ‘गॅस फायर’. या दैवताच्या काही गमती आणि ते कोपू नये म्हणून पाळायचे नेम:

वास उसना आहे
नैसर्गिक गॅसला स्वतःचा वासच नसतो. गळती कळावी म्हणून त्यात मर्कॅप्टनसारखी गंधकाची उग्र रसायनं मुद्दाम मिसळतात. वास आला तर दिव्याच्या बटणाला हात लावू नका, काडी ओढू नका. खिडक्या उघडा, मीटरजवळचा कॉक बंद करा, बाहेर पडा आणि ०८०० १११ ९९९ वर फोन करा. इंग्लंड, वेल्स आणि स्कॉटलंडमध्ये हा नंबर चोवीस तास चालू असतो.

ज्योत बोलते
ज्योत निळी आणि खणखणीत असेल तर गॅस नीट जळतोय. पिवळी, आळसावलेली ज्योत, शेगडीभोवती काजळी किंवा सारखी विझणारी पायलटची छोटी ज्योत दिसली की शेगडी बंद करा आणि माणूस बोलवा. अपवाद एकच: खोट्या कोळशांची शोभेची शेगडी. तिची ज्योत मुद्दामच पिवळी ठेवलेली असते, त्यामुळे तिथे रंगावर भरवसा नको.

चोर बिनवासाचा
गॅस अर्धवट जळला की कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला ना रंग, ना वास. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून अधिक पट घट्ट चिकटतो. बंद न्हाणीघरातल्या गॅस गीझरने घेतलेले बळी आपल्याकडे ठाऊक आहेत, चोर तोच. डोकं दुखतंय, मळमळतंय, पण ताप नाही आणि बाहेर गेलं की बरं वाटतं? मग फ्लू म्हणून अंगावर काढू नका. घराबाहेर पडा, मदत मागा.

पिवळ्या पक्ष्याची निवृत्ती
हाच वायू ओळखायला ब्रिटिश खाणकामगार कॅनरी पक्षी सोबत नेत. माणसाच्या आधी पक्षी कोलमडे. १९८६मध्ये त्यांची जागा यंत्रांनी घ्यायची असं ठरलं. आज घरातली कॅनरी म्हणजे कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म. १ ऑक्टोबर २०२२पासून इंग्लंडमधल्या घरमालकांना बॉयलर किंवा गॅस फायर असलेल्या राहत्या खोलीत तो बसवावाच लागतो. स्वयंपाकाची शेगडी मात्र या नियमातून वगळली आहे.

धुराड्यात बिऱ्हाड
जॅकडॉ हा कावळ्याचा धाकटा भाऊबंद. त्याला धुराड्यात काटक्यांचं घरटं बांधायची भारी हौस. धुराडं तुंबलं की विषारी वायू वर जायचा तो खोलीत उतरतो. म्हणून तपासणीला आलेला इंजिनिअर शेगडीपाशी थोडा धूर करून पाहतो. धूर वर ओढला गेला तर ठीक, खोलीत परतला तर शेगडी बंद.

एका चहाची किंमत
१६ मे १९६८. पूर्व लंडनमधली रोनन पॉइंट ही २२ मजली नवीकोरी इमारत. अठराव्या मजल्यावर एका बाईंनी पहाटेच्या चहासाठी काडी ओढली आणि गळलेल्या गॅसचा स्फोट झाला. इमारतीचा एक कोपराच्या कोपरा पत्त्यांसारखा कोसळला. चौघे गेले, बाई मात्र वाचल्या. त्यानंतर १९७०मध्ये गॅस कारागिरांची नोंदणी करणारी ‘कॉर्गी’ आली. नाव राणीच्या कुत्र्याचं, काम राखणीचं! २००९मध्ये तिची जागा ‘गॅस सेफ रजिस्टर’ने घेतली. भाड्याच्या घराची गॅस तपासणी दरवर्षी करून घेणं घरमालकावर बंधनकारक आहे. त्या दाखल्याला लोक अजूनही कॉर्गीच्या जमान्यातल्या नावाने ‘सीपी १२’ म्हणतात. कारागीर आला की ओळखपत्र मागा आणि उलटून पाहा: कोणत्या कामाची परवानगी आहे ते मागे लिहिलेलं असतं.

निळं आत, लाल बाहेर
चाकांच्या फिरत्या हीटरमध्ये ब्युटेनचं निळं सिलिंडर असतं. प्रोपेनचं लाल सिलिंडर घराबाहेरच ठेवायचं. बाहेरच्या थंडीत तेच चालतं: ब्युटेन शून्य अंशाच्या आसपास वाफ व्हायचंच थांबतं, तर प्रोपेन उणे ४२ अंशांपर्यंत दमत नाही. फिरता हीटर लावला की हवा खेळती ठेवा आणि तो चालू ठेवून झोपू नका.

बॉयलरची सर्दी
आधुनिक बॉयलर बाहेर सोडतो ती पांढरी शेपटी धुराची नसून बहुतांशी वाफेची असते. त्यातून साठलेलं पाणी वाहून नेणारी बाहेरची नळी कडाक्याच्या थंडीत गोठली की बॉयलर रुसतो. तिच्यावर गरम पाण्याची पिशवी धरा किंवा कोमट पाणी ओता. उकळतं नको, नळी तडकेल.

घर स्वतःचं असेल तर तपासणीची आठवण करून द्यायला घरमालक येणार नाही. तेव्हा दिवाळीच्या साफसफाईच्या यादीत बॉयलरची सर्व्हिसिंग लिहून टाका. आणि आत्ता उठलाच आहात, तर अलार्मचं ‘टेस्ट’ बटण दाबून बघा.