एका राज्याचा कागदोपत्री शेवट

‘वुडचा खलिता, १८५४’ हे शब्द शाळेत बहुतेकांनी पाठ केलेले असतात. शंभर कलमांचे ते पत्र लंडनहून निघाले आणि तीन वर्षांत मुंबई, कलकत्ता, मद्रास येथे विद्यापीठे स्थापन झाली. हा खलिता गाजला, पण असे खलिते हजारोंनी येत-जात होते. ईस्ट इंडिया कंपनीचा हिंदुस्थानातला सगळा कारभार पत्रांवर चाले, आणि त्या पत्रांनी शाळा उघडल्या तशी राज्येही बुडवली. साताऱ्याचे राज्य त्यांपैकी एक.

पत्रव्यवहाराची रीत ठरलेली होती. मुंबई सरकार महसूल, लष्कर, राजकीय अशी खातेवार पत्रे लिही. प्रत्येक कलमाला आकडा असे आणि सोबत टिपणे, जबान्या, अर्ज यांच्या नकलांचे गठ्ठे जात. जहाज बुडण्याची धास्ती असल्याने एकाच पत्राच्या प्रती वेगवेगळ्या जहाजांतून रवाना होत. लंडनच्या लेडनहॉल स्ट्रीटवरील कंपनीच्या कचेरीत कारकून त्या गठ्ठ्यांवरून उत्तराचा मसुदा करीत. विख्यात तत्त्वज्ञ जॉन स्टुअर्ट मिल यांनी या कचेरीत ३५ वर्षे नोकरी केली. देशी संस्थानांविषयीचे असंख्य मसुदे त्यांच्या हातचे आहेत, आणि हिंदुस्थान मात्र त्यांनी कधीच पाहिला नाही. मसुदा पुढे बोर्ड ऑफ कंट्रोलकडे जाई. १७८४ च्या कायद्याने नेमलेले हे मंडळ ब्रिटिश सरकारच्या वतीने त्यात हवे ते फेरफार करी. मग कंपनीचे डायरेक्टर सह्या करीत. पत्रात कितीही कडक कानउघाडणी असो, शेवटी ‘आपले स्नेही मित्र’ अशा अर्थाचे शब्द असायचेच.

आफ्रिकेला वळसा घालून येणारे पत्र पाच-सहा महिने समुद्रावर असे. प्रश्न आणि उत्तर यांत वर्ष-दीड वर्ष सहज जाई. त्यामुळे मुंबईचा गव्हर्नर पुष्कळदा आधी कृती करी आणि मागाहून मंजुरी मागे. मुंबईच्या गोदीत बांधलेली ‘ह्यू लिंडसे’ ही आगबोट १८३० साली सुवेझला पोहोचली आणि तांबड्या समुद्राची वाट टपालासाठी खुली झाली. साताऱ्याचा निकाल लागला तो या आगबोटींच्या काळात.

२५ सप्टेंबर १८१९ च्या तहाने इंग्रजांनी साताऱ्याचे राज्य प्रतापसिंह महाराजांना आणि त्यांच्या वारसांना दिले होते. पुढे महाराजांवर गोव्याचे पोर्तुगीज आणि नागपूरचे पदच्युत आप्पासाहेब भोसले यांच्याशी संधान बांधल्याचे आरोप आले. १८३९ मध्ये गव्हर्नर सर जेम्स कारनॅक यांनी त्यांना पदच्युत करून काशीला पाठवले. हे कारनॅक त्याआधी लंडनमध्ये कंपनीचे अध्यक्ष होते. महाराजांचे वकील रंगो बापूजी दाद मागण्यासाठी विलायतेस गेले आणि वर्षानुवर्षे तेथे झगडत राहिले. पण संस्थानिकाची तक्रार स्थानिक सरकारमार्फतच यावी, हा कंपनीचा दंडक होता. म्हणजे ज्याच्याविरुद्ध गाऱ्हाणे, त्याच्याच हातून ते पुढे जायचे. या सगळ्या व्यवस्थेतला सर्वांत मोठा अन्याय हाच होता.

प्रतापसिंहांच्या जागी बसवलेले त्यांचे बंधू शहाजी ऊर्फ आप्पासाहेब ५ एप्रिल १८४८ रोजी वारले. औरस पुत्र नव्हता. मृत्यूपूर्वी त्यांनी दत्तक घेतला होता. हा दत्तक राज्याचा वारस ठरतो का, यावर आता लेखण्या चालू लागल्या.

मुंबईचे गव्हर्नर सर जॉर्ज क्लार्क यांनी दत्तकाच्या बाजूने टिपण लिहिले. साताऱ्याचे रेसिडेंट बार्टल फ्रिअर यांचेही मत तेच होते. पण क्लार्क लवकरच पद सोडून गेले, त्यांच्या जागी लॉर्ड फॉकलंड आले आणि कौन्सिलमधील विलोबी व रीड या सभासदांसह त्यांनी राज्य खालसा करण्याच्या बाजूने मत दिले. ही सगळी टिपणे कलकत्त्याला गेली. गव्हर्नर-जनरल लॉर्ड डलहौसी यांनी ३० ऑगस्टला आपले टिपण लिहून खालसा करण्याला पाठिंबा दिला. लंडनमध्ये हेन्री सेंट जॉर्ज टकर यांच्यासारख्या जुन्या जाणत्या डायरेक्टरने लेखी विरोध नोंदवला, तरी बहुमत फिरले नाही. अधिराज्य सत्तेच्या संमतीवाचून मांडलिक राज्य दत्तकाकडे जाऊ शकत नाही, असा हुकूम जानेवारी १८४९ मध्ये सुटला. शिवछत्रपतींच्या वंशजांचे राज्य दहा महिन्यांच्या लिहिण्यात संपले. गोळी सुटली नाही, आणि राजघराण्यातल्या कोणालाही या पत्रव्यवहारात तोंड उघडायला जागा नव्हती.

हा निकाल अटळ होता, असे म्हणता येत नाही. चारच वर्षांनी, १८५३ मध्ये राजपुतान्यातील करौली खालसा करण्याचा डलहौसींचा प्रस्ताव याच डायरेक्टरांनी फेटाळला. करौली हे जुने, संरक्षित मित्रराज्य आहे आणि सातारा आपणच निर्माण केले होते, असा भेद त्यांनी केला. तो पटणारा नाही. १८१९ चा तहही दोन पक्षांनी सही केलेला तहच होता.

रंगो बापूजी रिकाम्या हातांनी परतले. १८५७ च्या उठावात त्यांच्यावर कटाचा आरोप आला. ते भूमिगत झाले आणि इंग्रजांच्या हाती कधीच लागले नाहीत. त्यांच्या मुलाला, सीतारामला, मात्र फाशी झाली.

साताऱ्याची कागदपत्रे ब्रिटिश पार्लमेंटने १८४९ मध्येच छापली. कंपनीची आणि इंडिया ऑफिसची दप्तरे लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आहेत. त्यांच्या फळ्यांची लांबी सुमारे १४ किलोमीटर भरते. मुंबई सरकारचे दप्तर आपल्याच मुंबईत, काळा घोड्याजवळच्या एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीत, महाराष्ट्राच्या पुराभिलेखागारात आहे. साताऱ्याच्या, पुण्याच्या, कोल्हापूरच्या विद्यार्थ्यांनी ते उघडावे, आणि क्लार्क व विलोबी यांची टिपणे शेजारी ठेवून वाचावीत.