सकाळी बटण लागत नाही, दहाला जिना सहज उतरतात; पार्किन्सन्समध्ये असं का होतं? दिवसाचं वेळापत्रक कसं बसवायचं?

सकाळी सात वाजता आजोबांना शर्टाचं बटण लावता येत नाही. कप उचलला की निम्मा चहा बशीत सांडतो. दहा वाजता तेच आजोबा जिना उतरून दूध घेऊन येतात. दुपारी दीडला पुन्हा खुर्चीतून उठायला आधार लागतो. मग घरातलं कुणीतरी पटकन बोलून जातं, 'मनात आलं की यांना सगळं जमतं.'

पार्किन्सन्स असलेल्या घरात हे चित्र अनेकदा दिसतं. यात नाटक नसतं आणि आळसही नसतो. बहुतेक वेळा हा फरक गोळीच्या वेळेचा असतो. तो कसा, ते समजून घेऊया.

नेमकं काय बिघडतं?

हालचाल सुरू करणं, तिचा वेग सांभाळणं यासाठी मेंदूला डोपामिन हे रसायन लागतं. पार्किन्सन्समध्ये ते तयार करणाऱ्या पेशी हळूहळू नष्ट होतात. ब्रिटिश डॉक्टर जेम्स पार्किन्सन यांनी १८१७ मध्ये या आजाराचं सविस्तर वर्णन केलं. आपल्याकडे त्याला कंपवात म्हणतात, पण प्रत्येक रुग्णाचा हात थरथरतोच असं नाही. हालचाली मंदावणं, अंग ताठर होणं, अक्षर बारीक होत जाणं, आवाज खोल जाणं, चेहऱ्यावरचे हावभाव कमी होणं हीसुद्धा लक्षणं आहेत.

'ऑन' आणि 'ऑफ' म्हणजे काय?

या आजारावरचं सर्वांत प्रभावी औषध म्हणजे लेव्होडोपा. मेंदूत गेल्यावर त्याचं डोपामिन होतं. मात्र रक्तातलं त्याचं प्रमाण साधारण दीड तासात निम्म्यावर येतं. सुरुवातीच्या वर्षांत मेंदूतल्या उरलेल्या पेशी डोपामिन साठवून ठेवतात, त्यामुळे हा चढउतार जाणवत नाही. पुढे ही साठवण कमी होते. जुन्या फोनची बॅटरी चार्जर काढला की भराभर उतरते, तसंच काहीसं.

औषधाचा असर असतो तो 'ऑन' काळ, उतरतो तो 'ऑफ' काळ. कधी 'ऑन' काळात हात, मान किंवा धड आपोआप हलू लागतं. त्याला डिस्कायनेशिया म्हणतात. घरचे याला कंप समजतात, पण त्यावरचा उपाय वेगळा असतो. म्हणून साधी नोंद ठेवा: गोळी किती वाजता घेतली, असर कधी सुरू झाला, कधी उतरला, अंग कधी हललं. आठवडाभराची ही वही किंवा फोनवर काढलेला छोटा व्हिडिओ डॉक्टरांना डोस ठरवायला फार उपयोगी पडतो.

गोळी आणि जेवणाचं गणित

लेव्होडोपा लहान आतड्यात शोषलं जातं आणि प्रथिनंही तीच वाट वापरतात. गोळी आणि वाटीभर डाळ, पनीर किंवा अंडी एकाच वेळी पोटात गेली, तर गोळीचा असर उशिरा किंवा कमी होऊ शकतो. त्यामुळे सहसा जेवणाआधी अर्धा ते एक तास गोळी घ्यायला सांगतात. मळमळ होत असेल तर सोबत साधं बिस्कीट चालतं. प्रथिनं बंद मात्र करू नका, वजन घटेल. ती दिवसभरात कशी विभागायची, हे डॉक्टरांना विचारा. लोहाच्या गोळीतही अंतर ठेवावं लागतं.

एकादशी असो वा श्रावणी सोमवार, गोळी चुकवायची नाही. खाजकुइलीच्या बियांमध्ये नैसर्गिक लेव्होडोपा असतं. म्हणून तिचं चूर्ण डॉक्टरांना न सांगता सुरू केलं तर डोस नकळत वाढू शकतो.

पाय जमिनीला चिकटले तर?

दारात, अरुंद जागेत किंवा वळताना पाय अचानक उचलेनासा होतो. याला 'फ्रीझिंग' म्हणतात. अशा वेळी हात धरून ओढू नका, तोल जाऊन पडण्याचा धोका असतो. थांबू द्या. वजन एका पायावरून दुसऱ्या पायावर घ्यायला सांगा आणि 'एक, दोन' असा ठेका धरा. जमिनीवर आडव्या रंगीत पट्ट्या चिकटवल्या तर त्या ओलांडण्यासाठी पाय उचलला जातो.

भारतीय डिझायनर मिलेहा सोनेजी यांना आपल्या काकांमध्ये हेच दिसलं. सपाट जमिनीवर अडखळणारे काका जिना मात्र सहज चढत-उतरत होते. मग त्यांनी जमिनीवर पायऱ्यांचा आभास देणारं चित्र अंथरून पाहिलं, तर काका त्यावरून चालू लागले. २०१५ च्या 'टेड' व्याख्यानात त्यांनी हा अनुभव सांगितला आहे.

घरात काय बदलाल?

- पायपुसणी आणि सैल सतरंज्या काढा. बाथरूममध्ये पकडायला दांडा लावा.
- आंघोळ, व्यायाम, बँकेचं काम 'ऑन' काळात ठेवा.
- फोनवर प्रत्येक डोसचा अलार्म लावा. टायपिंग जमत नसेल तर मराठीत बोलून मजकूर लिहिण्याची सोय सुरू करून द्या.
- चालताना बोलायला लावू नका. एका वेळी एकच काम.
- रोजचा व्यायाम हा उपचाराचाच भाग आहे. चालणं, योग, नृत्य, जे आवडेल आणि झेपेल ते.

न दिसणारी लक्षणं

बद्धकोष्ठता, झोपेत ओरडणं किंवा हातपाय झाडणं, उभं राहताच रक्तदाब घसरून चक्कर येणं, उदासी, भास होणं हेही या आजारात होऊ शकतं. गिळताना ठसका लागत असेल तर लगेच सांगा. प्रामिपेक्सोल किंवा रोपिनिरोल घेणाऱ्या काहींना जुगार किंवा खरेदीचा अनावर मोह होतो. वडील अचानक ऑनलाइन पैसे उडवू लागले, तर ओरडण्याआधी गोळ्यांची यादी पाहा आणि डॉक्टरांना फोन करा.

रुग्णालयात दाखल व्हावं लागलं तर?

हाड मोडलं किंवा ताप आला म्हणून दाखल केल्यावर वॉर्डच्या वेळेनुसार गोळ्या दिल्या गेल्या, तर रुग्ण जखडू शकतो. ब्रिटनमध्ये 'पार्किन्सन्स यूके' ही संस्था यासाठीच 'गेट इट ऑन टाइम' मोहीम चालवते. ठरल्या वेळेच्या अर्ध्या तासात गोळी मिळावी, ही तिची मागणी आहे. औषध अचानक बंद करणं जीवावर बेतू शकतं. उलटीसाठी दिलं जाणारं मेटोक्लोप्रमाइड आणि भ्रमासाठीचं हॅलोपेरिडॉल पार्किन्सन्सची लक्षणं वाढवतात.

म्हणून आजच एक कागद तयार करा. गोळ्यांची नावं, डोस, मिनिटासकट वेळा, टाळायची औषधं आणि न्यूरोलॉजिस्टचा नंबर त्यावर लिहा. त्याचा फोटो घरातल्या प्रत्येकाच्या फोनमध्ये असू द्या. आणि सकाळी सातला बटण लागत नसेल, तर ते लावून देण्याआधी विचारा, 'बाबा, गोळी किती वाजता घेतली?'

(ही माहिती सर्वसाधारण आहे. औषधाचा डोस किंवा वेळ डॉक्टरांच्या सल्ल्याशिवाय बदलू नका.)