कारगिल आणि एक गाजलेला सिद्धांत

जागतिक राजकारणात एमए करताय? मग संशोधन पद्धतीच्या पेपरला घाबरू नका, माझ्या मते खरी रंगत तिथेच आहे. ‘लोकशाही देश आपापसांत युद्ध करत नाहीत’ हा या विषयातला गाजलेला सिद्धांत घ्या. तो तपासायचा तर युद्ध कशाला म्हणायचं हे आधी ठरवावं लागतं. जे. डेव्हिड सिंगर यांनी १९६३ मध्ये मिशिगन विद्यापीठात सुरू केलेल्या ‘कोरिलेट्स ऑफ वॉर’ प्रकल्पाची कसोटी आहे लढाईतल्या किमान १००० मृत्यूंची. त्यांच्या यादीत १९९९ चं कारगिल युद्ध म्हणून नोंदलेलं आहे. आणि पाकिस्तानात तेव्हा नवाझ शरीफ यांचं निवडून आलेलं सरकार होतं. लष्करी उठाव झाला तो नंतर, ऑक्टोबरात!

मग सिद्धांत मोडला का? काही अभ्यासक म्हणतात, लष्कर मुलकी सरकारच्या ताब्यात नसेल तर ती लोकशाही धरूच नये. मला हे बरंचसं पटतं. पण प्रत्येक अपवाद असा व्याख्येबाहेर ढकलला, तर सिद्धांत कधी चुकीचा ठरणारच नाही.

प्रबंधिकेसाठी विषय शोधत असाल तर देशांच्या लोकशाहीला गुण देणाऱ्या ‘पॉलिटी’ आणि ‘व्ही-डेम’ या प्रकल्पांची आकडेवारी मोफत मिळते. पाकिस्तानचे १९९९ च्या आसपासचे गुण दोन्हींत शेजारी ठेवून पाहा.