दोन वेळचे जेवण : कोणी करावे, कोणी करू नये



गेल्या वर्षावासात एका पौर्णिमेला आमच्या वस्तीतल्या विहारात अष्टशील घेतलेल्या एक आजी संध्याकाळच्या वंदनेला बसल्या जागी कलंडल्या. अंगाला घाम, हात थरथरत होते. सकाळी शुगरची गोळी घेतलेली आणि दुपारी बारानंतर पोटात काही नाही. साखरपाणी पाजले, तेव्हा पंधरा मिनिटांनी त्या नीट बोलू लागल्या. त्याच आठवड्यात शेजारची एक सून विचारत होती, “ताई, मोबाइलवर सांगतात तसं सोळा तास उपाशी राहिलं तर पोट कमी होतं का?” दोघींच्याही कामाचे म्हणून हे लिहीत आहोत.

आपण काही खाल्ले की रक्तात साखर वाढते आणि स्वादुपिंडातून इन्सुलिन सुटते. इन्सुलिन ही साखर पेशींत पोचवते आणि उरलेली चरबी म्हणून साठवते. सकाळी चहा-खारी, मग जेवण, चारला शेव-चुरमुरे, रात्री उशिरा पुन्हा जेवण, असे दिवसभर तोंड चालू राहिले तर साठवण चालूच राहते. मध्ये मोठी खंड पडली की इन्सुलिन उतरते आणि शरीर साठलेली चरबी वापरू लागते.

आपल्या शेजारच्या लातूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात प्राध्यापक असताना डॉ. जगन्नाथ दीक्षित यांनी हीच गोष्ट गावोगाव सांगितली : दिवसातून दोनदाच जेवा, प्रत्येक जेवण ५५ मिनिटांत संपवा, रोज चाला. याचे श्रेय ते नागपूरचे डॉ. श्रीकांत जिचकार यांना देतात. अनेकांना याचा फायदा झाला.

पण यात जादू नाही. चीनमधील ग्वांगझू येथे १३९ स्थूल लोकांवर वर्षभर झालेला अभ्यास २०२२ मध्ये प्रसिद्ध झाला. दोन्ही गटांनी खाणे मोजून कमी केले. एका गटाने शिवाय सकाळी ८ ते दुपारी ४ एवढ्याच वेळात खाल्ले. वजन दोन्हींचे घटले, सुमारे ६ आणि ८ किलो. पण हा फरक ठाम म्हणावा इतका नव्हता. म्हणजे घड्याळ मदत करते, पण मुख्य काम ताटातली मात्रा करते. दोन जेवणांत चार जेवणांचे खाल्ले तर उपयोग नाही.

तथागतांनी कोसलचा राजा प्रसेनजित याला हेच सांगितले होते. अति जेवून धापा टाकणाऱ्या राजाला त्यांनी उपाशी राहायला सांगितले नाही, मात्रा ओळखायला सांगितले. राजाने भात हळूहळू कमी केला आणि त्याचे अंग हलके झाले.

आधी मोजा. शिवणकामाची टेप बेंबीच्या पातळीवर लावा. बाईची कंबर ८० सेंटिमीटरपेक्षा आणि पुरुषाची ९० पेक्षा जास्त असेल तर पोटावर चरबी आहे. तिशी ओलांडलेल्यांची शुगर व बीपी उपकेंद्रात मोफत तपासतात. आशाताईंना विचारा.

यांनी करू नये : गरोदर व अंगावर पाजणाऱ्या माता, अठरा वर्षांखालील मुले, रक्त कमी असलेल्या व अशक्त व्यक्ती. कोयत्यावर जाणाऱ्या बाया-माणसांनीही नाही. पहाटेपासून ऊस तोडणाऱ्याला पोटभर भाकरी लागते, डाएट नाही.

डॉक्टरांना विचारल्याशिवाय नाही : इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखी गोळी घेणारे. जेवण बदलले तर औषधाची मात्राही बदलावी लागते. गोळी मनाने बंद करू नका. अष्टशील घेणाऱ्यांनीही आदल्या आठवड्यात डॉक्टरांशी बोलावे.

घाम, थरथर, धडधड, डोळ्यांपुढे अंधारी आली तर तीन चमचे साखर पाण्यात घालून लगेच द्या. पंधरा मिनिटांत बरे वाटले नाही तर पुन्हा द्या. माणूस बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही घालू नका, १०८ ला फोन करा.

बाकीच्यांनी सुरुवात अशी करावी : पहिल्या महिन्यात फक्त मधले खाणे आणि चहातली साखर बंद. रात्रीचे जेवण आठच्या आत. ताटात ज्वारीची भाकरी, मटकी किंवा डाळ, अंडे, पालेभाजी, कांदा-काकडी, भात थोडा. रोज अर्धा-पाऊण तास भरभर चाला. दर महिन्याला कंबर मोजून वहीत लिहा.

त्या आजी आता डॉक्टरांना विचारून गोळीची वेळ ठरवतात आणि पदराला साखरेची पुडी बांधून विहारात येतात. पुढच्या पौर्णिमेला आम्ही टेप घेऊन विहारात बसणार आहोत. सुनांनी सासवांना घेऊन यावे, आणि सासवांनी सासऱ्यांना.